अमेरिकेच्या शेतावर वीज गेली कशी, आणि घरात शिरून तिनं केलं काय?

विचारलेलं थोडक्यात असं: एडिसननं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर १८८२ मध्ये वीजकेंद्र सुरू केलं, तर मग अमेरिकेच्या खेड्यात वीज यायला आणखी पन्नास वर्षं का लागली? कंपन्यांनी का नाही नेली? वीज आल्यावर बायकांचं काम खरंच हलकं झालं का? आणि आपल्या नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा वीज संस्था ही अमेरिकेची नक्कल होती म्हणतात, ते कितपत खरं?

मी वितरणातला माणूस. उमेदीची वर्षं महाराष्ट्रात ग्रामीण फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून गावांना वीज नेणाऱ्या लाइनीवर गेली, आणि नंतर बराच काळ अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये एका सहकारी वीज संस्थेसाठी लाइनची आखणी करत आलो. त्यामुळे उत्तर खांबापासून सुरू होणार, हे आधीच सांगतो.

१९३५ च्या आसपास अमेरिकेतल्या शहरांमध्ये दहापैकी नऊ घरांत वीज होती आणि शेतांवर दहापैकी जेमतेम एकात. याचं कारण शोध किंवा ज्ञान नव्हतं, हे आधी मनातून काढून टाका. ट्रान्सफॉर्मर होते, मोटारी होत्या, उच्चदाब वाहिन्या शेकडो मैल धावत होत्या आणि पुष्कळदा त्या शेतांच्या डोक्यावरूनच जात होत्या. खाली राहणाऱ्याला त्यातून दिवा लावता येत नव्हता, एवढंच. शेत एकेकटं, घरं विखुरलेली, मैलाला दोन-तीन गिऱ्हाइकं. एक मैल लाइन टाकायला कंपन्या दीड ते दोन हजार डॉलर खर्च सांगायच्या. तो खर्च शेतकऱ्यानं आधी भरायचा, लाइन मात्र कंपनीच्या मालकीची, आणि वर दर शहरापेक्षा चढा. महामंदीच्या काळात ज्याच्या हातात वर्षाकाठी काही शे डॉलर रोख येत, त्याला हे कसं परवडावं?

दराचं एक उदाहरण खुद्द राष्ट्राध्यक्षांचंच आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट पोलिओवरच्या उपचारासाठी जॉर्जियात वॉर्म स्प्रिंग्जला राहायला लागले. तिथलं पहिलं बिल युनिटला १८ सेंटच्या दरानं आलं, म्हणजे न्यूयॉर्क राज्यात हाइड पार्कच्या त्यांच्या घरच्या दराच्या सुमारे चौपट. ही गोष्ट त्यांनी ऑगस्ट १९३८ मध्ये जॉर्जियातल्याच बार्न्सव्हिल गावी, एका सहकारी वीज संस्थेच्या उद्घाटनाला जाहीरपणे सांगितली. राजकारणी माणसाची गोष्ट म्हणून थोडी मीठ-मिरची धरायला हरकत नाही, पण तेव्हाचे दर पाहिले तर आकडा अजिबात अवास्तव नाही.

कंपन्यांचं म्हणणं होतं की शेतकऱ्याला विजेची गरजच नाही. ज्याला शेतीच्या कामासाठी ती खरोखर लागते, त्याला बहुधा मिळालेली आहेच. १९३५ मध्ये खासगी कंपन्यांच्या समितीनं सरकारला जवळपास याच आशयाचं लेखी कळवलं होतं. हे निव्वळ लबाडीचं होतं असं मी म्हणणार नाही. कंपनीचा इंजिनिअर 'लोड' पाहतो, म्हणजे कुठे किती वीज खपेल ते. कॅलिफोर्नियात सिंचनाचे पंप होते, म्हणजे भरवशाचं मोठं लोड होतं, म्हणून तिथल्या शेतांवर वीज फार लवकर गेली. मिनेसोटात रेड विंग गावाजवळ १९२३ मध्ये विद्यापीठ आणि वीज कंपनीनं मिळून निवडक शेतांवर प्रयोग केला: दळणापासून दूध काढण्यापर्यंत सगळं विजेवर. प्रयोग उत्तम चालला, मात्र उपकरणं फुकट किंवा उसनी मिळाली होती म्हणून. शेजारच्या शेतकऱ्यानं हिशेब मांडला आणि तो गप्प बसला. त्यावरून कंपन्यांनी काढायचा तो निष्कर्ष काढला. त्यांच्या हिशेबात फक्त शेतातलं काम होतं. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि विहीर यांना 'लोड' म्हणून कोणी धरलंच नव्हतं, आणि पुढची सगळी गोष्ट तिथेच घडली.

बरं, शेतकरी हातावर हात ठेवून बसला होता का? मुळीच नाही. तंत्रज्ञानाला खेडूत भितो, त्याला नवं नको असतं, हा समज अमेरिकेच्या बाबतीत तर साफ चुकीचा आहे. १९२० मध्ये अमेरिकेतल्या शेतांपैकी जवळपास ३९ टक्क्यांवर टेलिफोन होता. विजेच्या कितीतरी आधी! शेतकऱ्यांनी स्वतः वर्गणी काढून लाइनी टाकल्या होत्या, आणि काही ठिकाणी तर कुंपणाच्या काटेरी तारेवरूनच फोन चालवला होता. एकाच तारेवर आठ-दहा घरं. कोणाचाही फोन वाजला की सगळे कान लावणार. पुढे मंदीत पैसे संपले, तारा गंजल्या, आणि १९४० मध्ये हे प्रमाण २५ टक्क्यांवर आलं. तंत्रज्ञान एकदा आलं की पुढेच जातं असं मानणाऱ्यांनी ही घसरण जरूर लक्षात ठेवावी.

मोटारीचंही तसंच. फोर्डच्या मॉडेल टीचं मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, त्याला पट्टा चढवायचा आणि त्यावर लाकूड कापायची करवत, मका सोलायचं यंत्र, प्रसंगी कपडे धुवायचं यंत्रही फिरवायचं. आयोवातल्या मेटॅग कंपनीनं तर छोटं पेट्रोल इंजिन बसवलेलं धुलाई यंत्र काढलं होतं. ते मोटरसायकलसारखं पायानं किक मारून सुरू करायचं आणि धूर बाहेर जायला एक लवचीक नळी दारातून बाहेर सोडायची. सोमवार हा धुण्याचा वार. त्या दिवशी घरात काय आवाज आणि काय वास असेल, कल्पना करा. ज्यांच्याकडे जरा पैसा होता त्यांनी १९१६ नंतर डेल्को-लाइटचे ३२ व्होल्टचे संच घेतले: एक इंजिन, एक जनरेटर आणि काचेच्या भांड्यांतल्या बॅटऱ्यांची रांग. रेडिओपुरती वीज हवी असेल तर छपरावर छोटी पवनचक्की. म्हणजे मागणी होती. नव्हती ती परवडणारी लाइन.

इथे १९३५ येतं. ११ मे रोजी रूझवेल्टनी आदेश काढून ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन, म्हणजे आरईए, स्थापन केलं. पहिले प्रमुख मॉरिस कुक, हेही इंजिनिअरच. सुरुवातीला ही बेकारी निवारणाची योजना होती आणि तशी ती चालेना, कारण लाइन टाकायला कुशल माणसं लागतात. रस्त्यावरच्या बेकाराच्या हाती खांब आणि तार देऊन भागत नाही. मग ती कर्ज देणारी संस्था झाली. मे १९३६ मध्ये नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस आणि टेक्सासचे सॅम रेबर्न यांनी कायदा पुढे रेटला: २५ वर्षांची कर्जं, व्याज सुमारे ३ टक्के. पुढे १९४४ मध्ये व्याज २ टक्के आणि मुदत ३५ वर्षं झाली. हे कर्ज आम्हाला नको असं बहुतेक खासगी कंपन्यांनी वागण्यातून दाखवून दिलं. मग घेणार कोण? शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था. टेनेसी खोऱ्यातल्या प्रकल्पाच्या विजेवर मिसिसिपीत कॉरिन्थ इथे १९३४ मध्ये अशी एक संस्था उभी राहिली होती, तो नमुना समोर होताच.

आता माझ्या आवडीचा भाग. बहुतेक इतिहासकार कायदा सांगतात, कर्ज सांगतात आणि लाइनवरून झरकन पुढे जातात. पण पैशाचा खरा हिशेब फिरला तो लाइनवर. शहरातली लाइन जशी बांधायचे तशीच कंपन्या खेड्यात बांधायच्या: जवळजवळ खांब, तारा धरणारे आडवे दांडे म्हणजे क्रॉस आर्म, जड तांब्याच्या तारा. आरईएच्या इंजिनिअरांनी विचारलं, मैलाला तीन घरं असताना हे सगळं कशाला? त्यांनी पोलादी गाभ्याची अॅल्युमिनियम तार वापरली. ताण पोलाद घेतं, त्यामुळे तार जास्त ओढता येते, झोळ कमी पडतो आणि दोन खांबांमधलं अंतर तीनशे-चारशे फुटांपर्यंत नेता येतं. खांब कमी झाले की खड्डे कमी, इन्सुलेटर कमी, मजुरी कमी. क्रॉस आर्म बहुतेक ठिकाणी काढूनच टाकला: खांबाच्या टोकावर एक तार, खाली न्यूट्रल म्हणजे परतीची तार, बस. सिंगल फेज, सुमारे सात हजार व्होल्ट, आणि प्रत्येक शेताच्या दारात त्याचा स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर. सामान सगळीकडे एकाच मापाचं. एक टोळी खड्डे खणत पुढे जाणार, दुसरी खांब उभे करणार, तिसरी तार ओढणार. कारखान्यातल्या पट्ट्यासारखं काम, फक्त इथे माल जागेवर आणि माणसं पुढे सरकणारी. चार-पाच वर्षांत मैलाचा खर्च हजार डॉलरच्या आत आला. शिवाय जमिनीतून लाइन न्यायला सभासदांनी हक्क फुकट दिले, आणि पुष्कळ ठिकाणी मीटरही शेतकरी स्वतःच वाचून आकडा कार्डावर लिहून पाठवायचा. पगारी मीटर रीडरच नको!

आपल्याकडे शिकलेल्याला यात एक गोष्ट लगेच खटकेल. आपण गावात एक मोठा थ्री फेज ट्रान्सफॉर्मर, आपली ती डीपी, बसवतो आणि तिथून लघुदाबाच्या तारा दूरवर नेतो. तारेत वीज वाया जाते (लाइन लॉस) ती तिथे, व्होल्टेज पडतं तिथे, वीजचोरीचे आकडे पडतात तेही तिथेच. अमेरिकेच्या शेतावर लघुदाबाची तार म्हणजे खांबापासून घरापर्यंतची जेमतेम दोरी. आणि सात हजार व्होल्टवर आकडा टाकायची कोणाची छाती आहे? महाराष्ट्रात २०१८ पासून शेतीपंपांना उच्चदाब प्रणालीनं जोडण्या द्यायला लागले, त्यामागे हाच विचार आहे. पण सिंगल फेजवर मोठा पंप चालत नाही, हेही खरं. त्यांची लाइन मुळात घरासाठी आखलेली होती, आपली विहिरीसाठी.

संस्था उभी करायची म्हणजे घरोघर जाऊन सह्या आणि सभासद फी गोळा करायची. फी साधारण पाच डॉलर. आज हसू येईल, पण मंदीत ती मोठी रक्कम होती, आणि वीज येईल याची खात्री कोणालाच नव्हती. नोव्हेंबर १९३५ मध्ये ओहायोत पिक्वाजवळ आरईएच्या कर्जातल्या सहकारी संस्थेचा पहिला खांब रोवला गेला. मग कंपन्यांना जाग आली. जिथे संस्था आकार घेतेय तिथेच नेमक्या श्रीमंत, रस्त्यालगतच्या शेतांपर्यंत त्या रातोरात लाइन टाकायच्या. मलई काढून घ्यायची, म्हणजे उरलेल्या आडबाजूच्या घरांवर संस्थेचा हिशेब जुळणारच नाही. निव्वळ खुन्नस. म्हणूनच पुढे आरईएनं धरून ठेवलेलं सगळ्यात मोलाचं तत्त्व म्हणजे पूर्ण क्षेत्र: कर्ज हवं तर त्या भागातल्या सगळ्यांना जोडा, सोयीच्यांनाच नाही. टेक्सासच्या हिल कंट्री या डोंगराळ भागात तर कर्जाच्या नियमाला लागणारी मैलाला तीन गिऱ्हाइकंही भरत नव्हती. तिथले तरुण काँग्रेस सदस्य लिंडन जॉन्सन थेट रूझवेल्टपर्यंत गेले आणि नियमाला अपवाद करून घेतला; १९३९ च्या शेवटी पेडर्नालेस संस्थेच्या तारांत वीज आली.

आता बायकांच्या कामाबद्दल.

याच हिल कंट्रीसारख्या भागाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. कृषी खात्याच्या पाहणीप्रमाणे पाच माणसांच्या शेतकरी कुटुंबाला दिवसाला २०० गॅलन पाणी लागायचं. वर्षाचा हिशेब ७३,००० गॅलन, वजनात २७५ टनांच्या वर. विहिरीतून हातानं शेंदून, बादल्यांनी वाहून. पुरुष शेतात आणि मुलं शाळेत, म्हणजे यातलं बरंचसं ओझं बाईच्या खांद्यावर. मंगळवारी इस्त्री: तीन-तीन किलोची लोखंडी इस्त्री, लाकडाच्या चुलीवर तापवायची, निवली की दुसरी उचलायची. टेक्सासचा उन्हाळा आणि दिवसभर पेटती चूल. तिथल्या बायकांच्या आठवणी नोंदवलेल्या आहेत. त्यांत दिव्याच्या उजेडाबद्दल लोक हौसेनं बोलतात, पण इस्त्रीबद्दल बोलताना बायकांचा सूरच बदलतो. वीज आल्यावर सगळ्यात आधी काय विकत घेतलं गेलं? इस्त्री आणि रेडिओ. त्यांच्या मागून धुलाई यंत्र. ज्यासाठी इंजिनिअर आणि सरकार झटत होते ती शेतातली यंत्रं फार मागे.

आणि पाण्याचा पंप? तोही मागेच. हे मला कायम चमत्कारिक वाटत आलंय. सगळ्यात जास्त कष्ट पाण्याचे, पण पंप म्हटला की नळ आला, मोरी आली, सांडपाण्याचा खड्डा आला, खर्च शेकड्यांत. इस्त्री दोन-चार डॉलरला मिळायची. शिवाय पैशाचा निर्णय बहुतेक घरांत नवऱ्याच्या हाती, आणि पाणी वाहायचं बायकोनं. घरात विजेचा दिवा आणि अंगणात हातपंप, असं चित्र पुष्कळ वर्षं राहिलं.

संस्थांना वेगळीच काळजी होती. लोक महिन्याचं किमान बिल भरून चार दिवे लावायचे आणि थांबायचे. मग कर्ज फिटणार कसं? आरईएनं गृहशास्त्र शिकलेल्या बायकांना नोकरीवर घेतलं. त्यांतल्या लुइझन मेमर स्वतः इलिनॉयच्या शेतावर वाढलेल्या. १९३८ पासून तंबू, शेगड्या, फ्रीज, दळणयंत्रं घेऊन त्यांचा ताफा गावोगाव फिरायचा. लोक त्याला विजेची सर्कसच म्हणायचे. भर तंबूत शेगडीवर मांस भाजून दाखवायचं, कोणत्या दिव्याखाली शिवण नीट दिसते ते समजवायचं, आणि एका युनिटात कोणतं काम किती वेळ चालतं तेही सांगायचं. सरकारी नोकर, पण काम विक्रेत्याचं. मला यात काही गैर वाटत नाही. वापर वाढल्याशिवाय दर उतरत नाहीत, आणि दर उतरल्याशिवाय गरीब घर जोडलं जात नाही.

काम हलकं झालं का, याला माझं उत्तर असं: ओझं हलकं झालं, तास फारसे नाहीत. अमेरिकेत गृहिणींच्या वेळेच्या नोंदी १९२० च्या दशकापासून आहेत. नोकरी न करणारी गृहिणी तेव्हा आठवड्याला सुमारे ५२ तास घरकामाला द्यायची, आणि १९६० च्या दशकात, हाताशी सगळी यंत्रं असताना, सुमारे ५५. कारणं सरळ आहेत. धुणं सोपं झालं की कपडे रोज बदलले जातात. पूर्वी हाताखाली एखादी मुलगी कामाला असायची, ती कारखान्यात गेली. नवरा लाकडं फोडून द्यायचा, मुलं पाणी आणायची. यंत्रानं त्यांची कामं संपवली आणि बाईचं काम तिच्या एकटीवर आलं. यावर कोणी म्हणतं की मग विजेनं काही दिलंच नाही. असं म्हणणाऱ्यानं एक उन्हाळा विहिरीवर काढावा. चाळिशीत पाठ वाकणं आणि पंचावन्न तास उभ्यानं काम करणं या एक गोष्टी नाहीत.

आणखी एक आश्वासन फसलं. वीज आली की तरुण शेतावर टिकतील, असं आरईएचे प्रचारक सांगत. झालं उलट. दूध काढायची यंत्रं, पंप, ट्रॅक्टर आले तशी कमी हातांत जास्त शेती होऊ लागली आणि माणसं निघून गेली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दहापैकी नऊ शेतांवर वीज होती. शेतं मात्र पुढे कमीच होत गेली.

मागे कोण राहिलं, तेही सांगायला हवं. दक्षिणेतल्या वाटेकरी कुळाचं घर मालकाचं; त्याच्या वायरिंगचा खर्च मालक कशाला करेल? त्यांत काळे शेतकरी मोठ्या संख्येनं. संस्था सहकारी असली तरी संचालक मंडळावर गोरेच, हे कितीतरी वर्षं चाललं. आणि नवाहो लोकांच्या राखीव प्रदेशात तर आज एकविसाव्या शतकातही हजारो घरांना वीज नाही; २०१९ पासून इतर राज्यांतल्या वीज संस्थांचे लाइनमन तिथे जाऊन जोडण्या देतायत.

आता मुळा-प्रवरा. हो, नातं खरं आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या सहकारी वीज संस्थांचा राष्ट्रीय संघ आणि तिथली परदेशी मदत यंत्रणा यांनी भारतात हा नमुना सुचवला. १९६९ मध्ये आपलं ग्रामीण विद्युतीकरण निगम, म्हणजे आरईसी, स्थापन झालं. नाव पाहिलंत तरी वंशावळ कळते. प्रयोग म्हणून पाच ठिकाणी संस्था निघाल्या: गुजरातेत कोडिनार, आंध्रात सिरसिल्ला, कर्नाटकात हुक्केरी, उत्तर प्रदेशात लखनौ आणि आपल्याकडे श्रीरामपूरला मुळा-प्रवरा. जागा विचार करून निवडली होती. प्रवरानगरला १९५० मध्येच सहकारी साखर कारखाना निघालेला, सभासद फी, सर्वसाधारण सभा, संचालक हे सगळं लोकांच्या अंगवळणी पडलेलं. अमेरिकेत वीज संस्थेनं शेतकऱ्याला सहकार शिकवला असं पुष्कळ ठिकाणी म्हणता येतं. नगरमध्ये सहकार आधीच मुरलेला होता.

मग २०११ मध्ये परवाना संपून तो भाग महावितरणकडे का गेला? राजकारणावर बोट ठेवणं सोपं आहे आणि त्यात थोडं तथ्यही असेल. मी लोडकडे पाहतो. अमेरिकन संस्थेचं गिऱ्हाईक म्हणजे घर: इस्त्री, फ्रीज, पुढे वॉटर हीटर. रोज थोडं थोडं, वर्षभर, मीटरवर, आणि पूर्ण दरानं. मुळा-प्रवरेचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे उसाचा पंप: दर सवलतीचा आणि तो ठरवणार दुसरंच कोणी. वीज मात्र राज्याच्या वीज मंडळाकडून घाऊक भावानं घ्यायची. खरेदी आणि विक्री या दोन्ही दरांवर आपला ताबा नसेल, तर कर्ज २ टक्क्यांचं असलं काय आणि १० टक्क्यांचं असलं काय, थकबाकी चढणारच. अमेरिकेतल्या संस्थांनी पुढे एकत्र येऊन स्वतःची निर्मिती केंद्रं उभारली आणि घाऊक दरावर पकड मिळवली. आज तिथे अशा सुमारे नऊशे संस्था आहेत, देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर त्यांच्या लाइनी आहेत, मैलाला सरासरी गिऱ्हाइकं अजूनही सात-आठच, आणि त्यांतल्या कितीतरी संस्था आता त्याच खांबांवरून इंटरनेटची फायबर ओढतायत, कारण मोठ्या कंपन्यांनी पुन्हा तेच सांगितलं: तिकडे गिऱ्हाईक नाही.